दीडपट वेगाने गद्दार सापडत नाही

पहिल्यांदा मी ही मालिका दीडपट वेगाने पाहिली. सांगायला थोडी लाज वाटते, पण आपल्यातले बरेच जण आता असंच पाहतात. हेंद्रेपाड्यातून चालत स्टेशन, मग बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत दीडेक तास लोकल. कानात इअरफोन, त्यातला एक अर्धा बाहेर, कारण चौथ्या सीटवरून वाद सुरू झाला तर कळायला हवं. सात भाग मी दोन दिवसांत जाता-येता उडवले. शेवटी गद्दार कोण ते कळलं. कळलं आणि काहीच वाटलं नाही. फोन खिशात टाकला, भायखळ्याला उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

मालिका होती 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. जॉन ल कारेच्या १९७४ च्या कादंबरीवरून बीबीसीने १९७९ मध्ये केलेली. हेरकथांच्या याद्यांमध्ये तिचं नाव कायम वर दिसायचं, म्हणून पाहिली. मनात म्हटलं, जुन्या लोकांचं जुनं कौतुक असेल.

गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा पाहिली. या वेळी नेहमीच्या वेगाने, घरी, दर रविवारी एकच भाग. सात रविवार लागले. शेवटच्या भागात तेच नाव पुन्हा समोर आलं, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नाव तर मला आधीच माहीत होतं. मग या वेळी काय बदललं? हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचा पाठलाग आहे. (ते नाव मी इथे सांगणार नाही. निर्धास्त वाचा.)

*

आधी गोष्ट थोडक्यात. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं मुख्यालय लंडनच्या केंब्रिज सर्कस या चौकात आहे, म्हणून आतले लोक खात्यालाच 'सर्कस' म्हणतात. खात्याच्या म्हाताऱ्या प्रमुखाला सगळे फक्त 'कंट्रोल' म्हणून ओळखतात. अगदी वरच्या वर्तुळातलं कुणीतरी सोव्हिएत रशियाला फितूर आहे, असा त्याला संशय आहे. पुरावा मिळवायला तो जिम प्रिडो नावाच्या हेराला गुपचूप चेकोस्लोव्हाकियात पाठवतो. मोहीम फसते. जिमला गोळ्या लागतात, कंट्रोलची खुर्ची जाते आणि त्याचा माणूस म्हणून जॉर्ज स्मायलीलाही घरी बसवतात.

काही काळाने सरकारपर्यंत तोच संशय दुसऱ्या वाटेने पोचतो. आता तपास कुणाला द्यायचा? आतल्या कुणालाही सांगितलं तर फितुराला कळणारच. म्हणून काढून टाकलेल्या स्मायलीलाच बोलावतात. संशयित चार. कंट्रोलने त्यांना एका इंग्रजी बडबडगीतातली टोपणनावं दिली होती : टिंकर, टेलर, सोल्जर, पुअरमन. यादीत पाचवंही नाव होतं, बेगरमन. ते खुद्द स्मायलीचं.

आपल्याकडे हेर म्हटलं की पहिलं नाव बहिर्जी नाईकांचं येतं. त्यांच्याविषयी कागदोपत्री पुरावा थोडा आणि कथा पुष्कळ. त्या कथांमध्ये मुख्य गोष्ट वेषांतराची. फकीर, भिकारी, कोळी. सुरतेच्या स्वारीआधी ते शहर फिरून आले, त्यांना कुणी ओळखलं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर आपल्या आजोबांची पिढी पोसली, तिथेही चेहरा लपवणं आणि धाडस हेच चालायचं. म्हणजे हेर हा आपल्या डोक्यात पहिल्यापासून बहुरूपी आहे.

स्मायलीला वेषांतराची गरजच नाही. जाडसर, मध्यमवयीन, जाड काचांचा चष्मा, अंगाला नीट न बसणारा कोट. आपल्या डब्यात रोज समोर बसणारा आणि तरीही कधी न दिसणारा माणूस. ही भूमिका केली अॅलेक गिनेसने. दोनच वर्षं आधी 'स्टार वॉर्स'मध्ये तो ओबी-वान केनोबी झाला होता आणि जगभर ओळखला जात होता. भूमिकेच्या तयारीसाठी त्याला खराखुरा हेर बघायचा होता. ल कारेने त्याची एमआय-सिक्सचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी जेवणावर गाठ घालून दिली. गिनेस माणूस निरखून घरी आला आणि पडद्यावर त्याने जवळजवळ काहीच केलं नाही. तो बसतो, ऐकतो, चष्मा पुसतो. मालिकेतली 'अॅक्शन' म्हणजे बहुतेक वेळ एवढंच.

*

पहिलं दृश्य. एक बैठकीची खोली. एक माणूस आत येऊन बसतो. मग दुसरा. मग तिसरा. चौथा येतो तो हातात चहाचा कप घेऊन, वर बशी झाकून. कुणी कुणाशी बोलत नाही. एवढं झाल्यावर एक जण म्हणतो, चला, सुरू करू या. शीर्षकं सुरू होतात : रशियन बाहुलीतून बाहुली निघत जाते आणि शेवटच्या बाहुलीला चेहराच नसतो.

लोकलमध्ये मी हे दृश्य पुढे ढकललं होतं. काही घडतच नव्हतं ना!

रविवारी ते चालू असताना बाबा शेजारी येऊन बसले. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. इंग्रजी त्यांना कामापुरतं येतं. पण या दृश्यात इंग्रजी लागतच नाही. ते पाहून म्हणाले, "यांचं आपापसात बरं नाही रे."

मी विचारलं, "कशावरून?"

"मीटिंगच्या आधी माणसं काहीतरी बोलतात. गाडी लेट होती, पोराची अॅडमिशन, काहीतरी. हे चौघं गप्प आहेत. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्यावर नजर ठेवून आहे."

मग त्यांनी चौघांपैकी एकाकडे बोट दाखवून सांगितलं, "हा." बरोबर की चूक ते मी त्यांनाही तेव्हा सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. पण जे दृश्य मी रिकामं समजून टाकून दिलं होतं, त्यात सगळी मालिका होती आणि ती एका नोकरदार माणसाला दोन मिनिटांत दिसली.

इथे दिग्दर्शक जॉन अर्विन आणि पटकथाकार आर्थर हॉपक्राफ्ट यांची खरी चाल कळते. ही हेरांची गोष्ट ऑफिसची गोष्ट म्हणून सांगितलेली आहे. कुणाची केबिन कुठल्या मजल्यावर, कुणाला कुठली फाइल बघायची परवानगी, साहेब बदलल्यावर कोण कुणाच्या बाजूला सरकला. मालिकेतला सगळ्यात धडधडवणारा प्रसंग कुठला असेल? पीटर गिलम हा स्मायलीचा तरुण साथीदार स्वतःच्याच ऑफिसच्या रेकॉर्ड विभागातून एक फाइल बाहेर काढतो. बस्स. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. रजिस्टर, काउंटर, एक ठरवून आलेला फोन आणि एक बॅग. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बोलावणं येतं. कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाच्या तळहाताला इथे घाम फुटेल.

'द फॅमिली मॅन'मध्येही ऑफिस आहे. श्रीकांत तिवारी घरी सांगतो की आपण एका कंटाळवाण्या सरकारी खात्यात आहोत, दुसऱ्या सीझनमध्ये तर आयटी कंपनीत जाऊन बसतो, आणि त्याची आणि तळपदेची टोलेबाजी मला मनापासून आवडते. पण तिथे ऑफिस म्हणजे विनोद, आणि खरी गोष्ट बाहेर रस्त्यावर. ल कारेकडे उलटं आहे. रस्त्यावर जे घडतं ते आधीच ऑफिसात कुणीतरी ठरवलेलं असतं.

*

आता संथपणाविषयी. 'स्लो' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. मराठी माणसाला तर लांबलेल्या मालिकांचं बाळकडूच मिळालंय. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून अधिक भाग झाले. कुणीतरी दारात येतं, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळतो, विजा कडाडतात आणि भाग संपतो. ते संथ नाही, ते पाणी घालून वाढवलेलं आहे. ओळखायची खूण सोपी : मधला आठवडा चुकला तरी काही अडत नाही. 'टिंकर टेलर'मध्ये मधली चार मिनिटं चुकली तर पुढचा अर्धा तास अडतो.

आणि एक गंमत. या मालिकेचा संयम नुसताच कलात्मक नव्हता, तिला परिस्थितीचीही साथ होती. ती बीबीसी टूवर १० सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर १९७९ या काळात दाखवली गेली. ब्रिटनमध्ये तेव्हा मोजून तीन चॅनेल होते आणि त्यातलं आयटीव्ही संपामुळे ऑगस्टपासून बंद होतं. ते पुन्हा सुरू झालं २४ ऑक्टोबरला, म्हणजे मालिका संपल्यावर दोन दिवसांनी. लोकांकडे बदलायला चॅनेलच नव्हतं. पहिल्या भागात गोंधळलेला प्रेक्षक दुसऱ्या सोमवारी पुन्हा तिथेच येऊन बसला. आपल्याकडे ती सक्ती नाही. आपल्याला ती स्वतःवर लादून घ्यावी लागते, आणि ते कठीण आहे हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या रविवारी माझा अंगठा तीनदा स्क्रीनकडे गेला.

पण का लादून घ्यायची? माझं उत्तर असं आहे.

स्मायलीचा तपास म्हणजे माणसांना भेटत जाणं. ही सगळी काढून टाकलेली माणसं. ऑक्सफर्डमध्ये कॉनी सॅक्स आहे. खात्याची स्मरणशक्ती म्हणावी अशी बाई. तिला एका रशियन अधिकाऱ्यावर संशय आला, तिने तो वर बोलून दाखवला आणि तिची नोकरी गेली. आता ती पिते आणि जुने दिवस आठवते. बेरिल रीडने ही भूमिका अशी केलीय की एका प्रसंगात अख्ख्या खात्याची संध्याकाळ दिसते. स्मायली तिच्यासमोर बसतो आणि घाई करत नाही. आधी ती त्याच्या गळ्यात पडते, मग टोमणे मारते, मग रडते, आणि या सगळ्याच्या मध्येच कुठेतरी त्याला हवी ती माहिती येते. दुखावलेल्या माणसाला थेट प्रश्न विचारला तर तो गप्प बसतो. त्याच्यासोबत बसावं लागतं. मालिका संथ आहे कारण माणूस बोलायला वेळ घेतो.

दीडपट वेगात नेमकं हेच जातं. शब्द कळतात, गोष्ट कळते. जाते ती शब्दांच्या मधली जागा. प्रश्न आल्यावर एखादा क्षणभर थांबतो, मग हसून उत्तर देतो. तो थांबलेला क्षणच पुरावा असतो. आपण तोच आकसून टाकतो आणि मग म्हणतो, काही घडत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. फितुरी परक्याकडून होत नाही. परका हल्ला करतो. फितुरी व्हायला आधी विश्वास लागतो आणि विश्वासाला वेळ लागतो. पहिल्या वेळी माझ्यासाठी ते चौघे चार नावं होती. शेवटचं उत्तर म्हणजे बहुपर्यायी प्रश्नाची उत्तरपत्रिका. दुसऱ्या वेळी सात आठवडे मी त्या माणसांसोबत होतो. कोण गर्विष्ठ, कोण लाचार, कुणाच्या बोलण्याला मीही हसलो होतो. नाव आलं तेव्हा रशियाने ब्रिटनला फसवलं वगैरे काही वाटलं नाही. आपल्या ग्रुपमधल्या माणसाने फसवलं, असं वाटलं. मालिकेला बहुधा हेच हवंय. कोण ते कळणं सोपं असतं. ते आपल्याला आतून कितपत माहीत होतं आणि आपण ते का ऐकलं नाही, हे कळणं अवघड.

ल कारे हे सगळं कल्पनेतून लिहीत नव्हता. त्याचं खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. तो स्वतः एमआय-फाइव्ह आणि एमआय-सिक्समध्ये काम केलेला. किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला मोठा अधिकारी १९६३ मध्ये बैरूतमधून मॉस्कोला पळाला आणि कित्येक वर्षं तो रशियाचाच माणूस होता हे सिद्ध झालं. कादंबरीमागे ती जखम आहे. आणि मालिका संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा, १५ नोव्हेंबर १९७९ ला, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत सांगितलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी प्रमुख अँथनी ब्लंट हेही रशियाचे हेर होते. काही आठवड्यांपूर्वी हे सगळं टीव्हीवर पाहिलेल्या प्रेक्षकाला तेव्हा काय वाटलं असेल?

*

या मालिकेत आपल्या देशाचंही एक दृश्य आहे. १९५०च्या दशकात स्मायली दिल्लीच्या तुरुंगात एका रशियन कैद्याला भेटतो. तोच पुढचा कार्ला, मॉस्कोचा सूत्रधार. स्मायली त्याला आमच्या बाजूला ये म्हणून विनवतो. समोरचा एक शब्द बोलत नाही. बोलता बोलता स्मायलीच स्वतःच्या संसाराविषयी नको तेवढं बोलून बसतो. जाताना कैदी त्याचा लायटर घेऊन जातो, बायकोने, अॅनने, भेट दिलेला. कार्ला झालाय पॅट्रिक स्टुअर्ट, जो पुढे 'स्टार ट्रेक' आणि 'एक्स-मेन'मुळे घराघरात पोचला. इथे त्याला एकही संवाद नाही.

२०११ च्या चित्रपटात टोमास आल्फ्रेडसनने हाच प्रसंग दाखवलाच नाही. गॅरी ओल्डमनचा स्मायली रिकाम्या खुर्चीशी बोलत तो सांगतो. चित्रपट म्हणून ते जास्त धारदार आहे, हे मान्य करायला हवं. पण मालिकेतला जिवंत, गप्प कार्ला वेगळंच काही करतो. ऐकण्यात मुरलेल्या स्मायलीला त्याच्याहून चांगला ऐकणारा भेटलाय, हे आपण डोळ्यांनी बघतो. मात्र स्वतंत्र भारताच्या तुरुंगात दोन परदेशी आपला हिशेब करतात आणि आपण तिथे नुसते उकाड्यापुरते उरतो, हेही नजरेत खुपतं. ल कारेला साम्राज्य गेल्याचं दुःख नीट कळतं. ज्यांच्यावर ते होतं, त्यांच्याकडे बघायला त्याला फारसा वेळ नाही.

दोष आणखीही आहेत. रिकी टारचा लिस्बनमधला भाग, जो कादंबरीत हाँगकाँगला घडतो, खरोखर लांबलाय. त्यातली इरिना कथानक पुढे नेण्यापुरती येते आणि जाते. अॅनविषयी अख्खी मालिका बोलत राहते. भेटेल तो स्मायलीला विचारतो, अॅन कशी आहे? आपल्याकडे "लग्नाचं काय मग?" विचारतात, त्याच सुरात. प्रत्येक वेळी टोचायला. पण ती स्वतः समोर येते ती थेट शेवटी. तोवर ती माणूस कमी आणि जखम जास्त आहे.

आपल्याकडे ल कारे आला तो 'द नाइट मॅनेजर'मधून. १९९३ ची कादंबरी, २०१६ ची ब्रिटिश मालिका, आणि २०२३ ची हिंदी मालिका : फेब्रुवारीत चार भाग, जूनअखेर उरलेले तीन. अनिल कपूर, आदित्य रॉय कपूर, राजवाडे, बोटी. कैरोच्या जागी ढाका. बघायला छान आहे. पण मला आज त्यातली आठवते ती तिलोत्तमा शोमची लिपिका. पोट पुढे आलेलं, थकलेली, कोंदट सरकारी ऑफिसात वरिष्ठांशी भांडणारी अधिकारी. गंमत म्हणजे कादंबरीत हे पात्र पुरुष आहे. ब्रिटिश मालिकेने ती भूमिका ऑलिव्हिया कोलमनला दिली, ती तेव्हा गरोदर होती, म्हणून पात्रही तसं लिहिलं गेलं आणि हिंदीनेही ते ठेवलं. एवढ्या झगमगाटात ल कारे जिवंत राहिलाय तो त्या कोंदट ऑफिसात. बाकीच्या मालिकेला तिथे थांबायला वेळ नाही. बोट वाट बघत असते.

मराठीत अशी मालिका का नसावी, हा विचार मनातून जात नाही. तिला पैसा फारसा लागत नाही. चार खोल्या, चांगले नट आणि थांबायची तयारी लागते. रंगमंचावर दोन माणसांना तासभर नुसतं बोलायला लावून प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवणं मराठी नटांना नवीन नाही. आणि गुपित सांभाळणारी माणसं तर अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात घरोघर आहेत. बाबा फॅक्टरीत नेमकं काय करायचे हे मला आजही नीट माहीत नाही. लहानपणी विचारलं की उत्तर एकच, "ड्युटी." आईनेही दुसरं काही ऐकलं नाही. मला ते तुटकपणाचं वाटायचं. मालिका पाहताना पहिल्यांदा जाणवलं की कामाविषयी गप्प राहायची सवय लागलेला माणूस घरी आल्यावर ती सवय चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवू शकत नाही. स्मायलीचा संसार तिथेच मोडलाय. आमचा मोडला नाही, पण त्या शांततेची किंमत कुणीतरी दिली असणारच. बहुतेक आईने.

सातव्या भागानंतर मी बाबांना विचारलं, "तुम्ही आत काय करायचात हो?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मग त्यांनी गेटवर डबा उघडून दाखवावा लागायचा तिथपासून सुरुवात केली आणि त्यांच्या सेक्शनमधल्या एका मित्रावर येऊन थांबले. मशीनविषयी अक्षर नाही. चहा दोनदा झाला.

'स्मायलीज पीपल' ही पुढची मालिका १९८२ ची, सहा भागांची. परवा रविवारी मी मोबाइलवर भलतंच काहीतरी बघत बसलो होतो, तर बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "आज नाहीत का ते चष्मेवाले?"